परत आलेल्या ताटाचं वजन

मामा प्रत्येक ताट दोनदा तोलायचे. एकदा वाढल्यावर आणि एकदा परत आल्यावर. पहिलं वजन आहारतज्ज्ञ बाई ठरवायच्या, दुसरं सायकलस्वाराचं पोट ठरवायचं, आणि त्या दोघांचं भांडण मामांच्या छोट्या पांढऱ्या काट्यावर मिटायचं.

मामा सायकल संघाचे आचारी, आणि मी त्यांच्या स्वयंपाकाच्या ट्रकचा ड्रायव्हर. शर्यत तीन आठवड्यांची, रोज नवं गाव, रोज नवं हॉटेल. हॉटेलातलं काही बाधलं तर आठ खेळाडूंची वर्षभराची मेहनत मोरीत जाते, म्हणून संघ आपलं स्वयंपाकघर चाकांवर घेऊन फिरायचा. लोकांना वाटतं, ही काटकुळी माणसं, चिमणीएवढं खात असतील. कसलं काय! डोंगराच्या दिवशी त्यांना साध्या माणसाच्या तिप्पट लागतं. सकाळी निघायच्या तीन तास आधी भात, अंडी, ओट्स. सायकलवर दर अर्ध्या तासाला काहीतरी गोड, पुडीतला चिकट रस नाहीतर चांदीच्या कागदात गुंडाळलेल्या भाताच्या वड्या. शेवटची रेषा ओलांडली की लगेच डब्यातला भात, आणि संध्याकाळी पुन्हा भात किंवा पास्ता, ग्रॅमवर तोललेला. पहिल्या आठवड्यात ही मंडळी ताट चाटूनपुसून देतात. दुसऱ्यात गप्प जेवतात. तिसऱ्यात भात पाहिला की डोळ्यांत पाणी येतं त्यांच्या, आणि ते काही प्रेमाने नव्हे.

पंचवीस माणसांना जेवू घालणारा हा माणूस स्वतः मात्र उभ्याने खायचा, पातेल्याला लागलेलं खरवडून. झोपायला मिळायची लिफ्टशेजारची खोली, जी कुणालाच नको असते. एकदा मी चेष्टेने विचारलं, "मामा, तुमचं ताट कोण तोलतं?"

"मी ताट घेतच नाही," ते म्हणाले. "घेतलं की समोर कोणीतरी असावंसं वाटतं."

त्यांची बायको चार वर्षांपूर्वी गेली. ती गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली. शेवटच्या दोन महिन्यांत तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता. परगावचा मुलगा रोज फोनवर विचारायचा, "आई जेवली का?" ती हाताने खूण करायची, हो म्हणा. आणि मामा म्हणायचे, "जेवली, पोटभर." मुलगा आला तेव्हा फार उशीर झाला होता. एवढं सांगून ते पुन्हा बटाटे सोलायला लागले.

तर दादाची गोष्ट. दादा म्हणजे संघातला सगळ्यात जुना गडी. नाव कमावणाऱ्या पोरांच्या पुढे राहून वारा अंगावर घेणं, मागच्या गाडीपर्यंत जाऊन सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या आणणं, हे त्याचं काम. ही त्याची शेवटची शर्यत होती. जिंकायचं स्वप्न त्याने कधीच सोडलं होतं. एकविसाव्या दिवशी शेवटची रेषा ओलांडायची, एवढंच उरलं होतं. रेषेपाशी बायको आणि दोन मुली उभ्या राहणार होत्या.

चौदाव्या दिवसापर्यंत त्याचं ताट रिकामं यायचं. पंधराव्याला दोनशे चाळीस ग्रॅम भात तसाच परत आला, आणि ताट घेऊन आला तो दादाच.

"मामा, बाईंना खरा आकडा सांगू नका."

"का रे?"

"जातच नाही काही. नुसता वास आला तरी ढवळतं. त्यांना कळलं तर त्या मॅनेजरला सांगणार, आणि तो उद्याच मला घरी पाठवणार. सहाच दिवस राहिलेत हो."

"आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, दादा? पाय कशावर चालतील?"

"आजवर चाललेत ना."

एवढ्यात बाईंनी दारातून आवाज दिला, "मामा, दादाचं किती राहिलं?"

मामांनी काट्याकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं. "चाळीस," ते म्हणाले.

मी तिथेच होतो. मूग गिळून गप्प बसलो. ड्रायव्हरने स्वयंपाकात तोंड घालू नये, असं स्वतःला समजावलं. तसं समजावणं सोयीचं होतं, दुसरं काय!

पुढचे तीन दिवस मामांनी जिवाचा आटापिटा केला. भातावर लिंबू पिळून पाहिलं, बटाटा कुस्करून दिला, गोड वड्यांत मीठ घातलं. दादा दोन घास खायचा आणि माफी मागितल्यासारखा हसायचा. ताट परत यायचं तीनशे दहाचं, तीनशे चाळीसचं. बाईंच्या कानावर जायचं तीस, पंचवीस.

एकोणिसाव्या दिवशी सगळ्यात उंच घाट होता. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते आम्हा ट्रकवाल्यांसाठीच. अर्ध्या चढावर दादा सायकलवरून उतरला, रस्त्याच्या कठड्यावर बसला आणि पुन्हा सायकलवर चढलाच नाही. आम्ही हॉटेलामागे ट्रक लावून होतो. संघाची गाडी त्याला घेऊन आली. तो खोलीत गेला नाही, त्या टकटक वाजणाऱ्या बुटांनी सरळ ट्रकपाशी आला. शर्यत सोडणाऱ्याचा काढून घेतात तसा शर्टावरचा नंबर काढलेला होता.

डबा तयारच होता, त्याच्या नावाची चिठ्ठी लावलेला. दादा पायरीवर बसला आणि खायला लागला. आधी हळू, मग बकाबका. चारशे ग्रॅम भात संपवून त्याने डबा चमच्याने खरवडला. आता खाऊन काही उपयोग नव्हता, तेव्हा पोट उघडलं. मामांनी सवयीने डबा काट्यावर ठेवला. उरलेला भात शून्य.

बाई धावत आल्या. "असं कसं झालं? चांगला जेवत होतास की!"

"नव्हता जेवत," मामा म्हणाले. "आकडे माझे होते."

बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या खाली बसल्या. "मामा, मी त्याला घरी नसतं हो पाठवलं. भात बंद करून सगळं पातळ दिलं असतं. तिसऱ्या आठवड्यात असं दरवर्षी एखाद्याचं होतंच."

"मीच सांगितलं होतं मामांना," दादा म्हणाला.

शेवटच्या दिवशी दादा साधी पँट घालून बायको-मुलींबरोबर शेवटच्या रेषेपाशी, कठड्याच्या अलीकडे प्रेक्षकांत उभा राहिला आणि त्याने सात जणांसाठी टाळ्या वाजवल्या. मामा आलेच नाहीत. ट्रकमध्ये घासलेलीच पातेली पुन्हा घासत बसले होते.

पुढच्या हंगामात त्यांनी काम सोडलं. त्यांच्याविना ट्रक चालवायला मला करमेना, म्हणून एका दुपारी त्यांच्या घरी गेलो. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. ओट्यावर तोच पांढरा काटा. मामा अर्धे झाले होते. त्यांनी मला आग्रहाने वाढलं, आणि मी समोर होतो म्हणून की काय, स्वतःलाही ताट घेतलं. दोन घास खाल्ले आणि भात नुसता इकडून तिकडे करत राहिले.

तेवढ्यात फोन वाजला. मुलाचा. मामांना हल्ली कमी ऐकू येतं, त्यामुळे फोनचा आवाज मोठा होता.

"बाबा, जेवलात का?"

"जेवलो रे. पोटभर."

मी उठलो, खरकट्या हाताने काट्यावर आधी एक रिकामं ताट ठेवून शून्य केलं, मग त्यांचं ठेवलं. आणि त्यांच्या हातातून फोन घेतला.

"मी ट्रकचा ड्रायव्हर बोलतोय. तीनशे दहा राहिलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे ते जेवत नाहीत. तू ये."

मामा माझ्याकडे बघत राहिले. फोन त्यांनी परत मागितला नाही.