राखणदाराची बाटली

मैत्रिणींनो, आज यांना दारू सोडून महिना झाला. व्यसनमुक्तीच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या, समुपदेशन, गटाची बैठक, नाहीतर दाखल होणं, असे उपाय सांगितले होते. आम्ही गोळ्या आणि बैठक धरली.

आज त्या म्हणाल्या, "छान! घरात बाटली मात्र येता कामा नये."

म्हटलं, "एकच येईल. महिना निभावला तर वाडीच्या राखणदार देवाला बाटली ठेवीन, असा नवस बोललेय."

हे ताठ बसले. "नवस मोडू नये. मी आणतो!"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, तुम्ही नको. काकू, देवाला कोकम सरबत चालेल?"

संध्याकाळी सरबताचा पेला ठेवून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, यांची सुटतेय, तूही जरा सोबत कर!"

मागून यांचा बारीक आवाज आला, "व्हय म्हाराजा."

देव रागावला नसेल ना गं?