बॅगेच्या मुठीची गाठ

भुसावळला गाडी सुटायच्या आधी आबांनी खिशातून केळीच्या खोडावरच्या वाळक्या सालीची, सोपटाची पट्टी काढली, माझ्या बॅगेच्या मुठीला गाठ मारली आणि डब्यातून खाली उतरले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. सावद्याच्या आमच्या बागेत ही खूण कशाची असते, हे शेंबडं पोरही सांगेल. रोगट दिसलेल्या खोडाला आबा अशी पट्टी बांधायचे. लहानपणी पट्ट्या फाडून मीच द्यायचे. पुढे कधीतरी तीच खोडं कापून बांधावर पडलेली दिसायची.

मी अमेरिकेला शिकायला जाणं आबांना पसंत नव्हतंच. म्हणजे बापाने मला कापून टाकलं तर! मुंबईपर्यंत रडले, पण पट्टी काही सोडवली नाही. हट्टी मीही कमी नाही.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. तिथल्या लॅबमध्ये मला काम मिळालं ते पेशीतल्या मोडतोडीचं. बिघडलेल्या, नीट घडी न पडलेल्या प्रोटीनला पेशी युबिक्विटिन नावाची खूण लावते. मला वाटलं, खूण लागली की खेळ खलास. माझे प्रयोग मात्र पार फसत होते. खूण लागलेलं प्रोटीन मजेत तसंच! शेवटी लॅबच्या प्रमुख बाईंनी हसत समजावलं, "अगं, एका खुणेने नाही भागत. खुणेवर खूण, अशी साखळी लागली की मगच त्याचे तुकडे होतात. तोवर खूण काढताही येते."

त्या आठवड्यात, दोन वर्षांत पहिल्यांदाच, मी आबांना लांबलचक पत्र लिहिलं. काय काम करते ते सोपटाच्या भाषेत सांगितलं आणि शेवटी मनातली जळजळही ओतली.

महिन्याने उत्तर आलं. 'तुह्या पेशीले आपल्यासारखीच अक्कल हाये म्हणायची. आपणही एका गाठीवर कापत नाही. एक गाठ म्हणजे याच्यावर नजर ठेवायची, रोज जाऊन पाह्याचं. झाड सुधरलं त सोडतो, नाही त दुसरी मारतो न् मंगच कापतो. तुह्या बॅगेले कितीक गाठी होत्या वं? मोजल्या नाही का, शहाणे?'

पलंगाखालून बॅग ओढली. गाठ एकच होती. एवढी शिकलेली मी, मोजायचं मात्र सुचलं नव्हतं. जमिनीवर बसून मी हसत हसत रडले.

आता इथेच रुळलेय. डिग्री झाली, चूल मांडली, बर्फही अंगवळणी पडला. मजेत आहे, खोटं कशाला बोलू? दर रविवारी आबा सावद्याच्या फोनबूथवर येतात आणि पहिलं वाक्य ठरलेलं,

"गाठ पाह्यली का?"

"एकच आहे, आबा."

"हां. मंग बोल, काय खाल्लं आज?"