व्हार्निश वाळेपर्यंत

साठ सालच्या सुमारास दर रविवारी सकाळी मी हलसूर तलावावर फिरायला जात असे. तिथे सरकारी कारखान्यातला एक मराठी इंजिनियर आपली शिडाची छोटी होडी काठावर घासत बसलेला असे. त्याचे नाव मी कधी विचारले नाही. दर दहा मिनिटांनी तो फळीला गाल लावून ती गुळगुळीत झाली का ते पाही. होडी पाण्यात मात्र मी कधीच पाहिली नव्हती. वारा असे तेव्हा रंग ओला असे आणि रंग वाळेपर्यंत वारा पडलेला असे.

शेजारी सतरंजीवर त्याची बायको स्वेटर विणत बसे. एका रविवारी चांगला वारा सुटला, तेव्हा तिने सुया पिशवीत टाकल्या.

“अहो, आज मला फिरवलं नाहीत, तर उद्या हिच्यात माती भरून कोथिंबीर लावते.”

“बैठकीचं व्हार्निश ओलं आहे गं. स्वल्प थांब,” तो तिथल्या कानडी वळणाने म्हणाला.

“तीन वर्षं थांबले.”

त्याने पंचाकडे पाहावे तसे माझ्याकडे पाहिले. मी कोथिंबिरीच्या बाजूने मत दिले.

“आधी एकटा बघून येतो,” असे पुटपुटत तो ओल्या बैठकीवर बसला आणि तलावाला फेरी मारून आला. होडी थेंबभरही गळली नाही. बैठकीवर मात्र त्याच्या विजारीचा ठसा शिवणीसकट उमटला होता. त्याने ठशाजवळ गाल नेला.

“दोन रविवार लागतील,” तो समाधानाने म्हणाला आणि पॉलिशपेपर शोधू लागला.

तोवर ती होडीत चढून त्या ठशाशेजारी ऐसपैस बसली होती.

“ठसे घासायचेच आहेत, तर दोन घासा. चला.”