तुटलेल्या पट्टीने ऐकलेला भीमपलास

भुताखेतांचा विषय निघाला की मी फळ्यावर तीन प्रश्न लिहीत असे : काय पाहिले? कशाने मोजले? पुन्हा करून पाहिले का? विज्ञानाचा शिक्षक होतो. असल्या गोष्टी तेव्हा मानत नव्हतो, आजही मानत नाही. तरीही हे लिहितो आहे... आणि रागाने लिहितो आहे.

माझ्याकडे दोन रिबन माइक आहेत. आत चुंबकांमध्ये केसाहूनही पातळ अशी ॲल्युमिनियमची पट्टी असते. तिला पुढचे आणि मागचे सारखेच ऐकू येते, बाजूचे येत नाही. म्हणून दोन माइक एकावर एक, काटकोनात लावले की डावे-उजवे नीट उमटते, खोलीसकट. गजाने वाजणाऱ्या वाद्यांना ते फार मानवतात. पथ्य एकच — फुंकर मारायची नाही, पट्टी तुटते.

सुलभाबाई आमच्या शाळेतल्या संगीत शिक्षिका, राहणार ठाकुर्ली. कंपवाताने त्यांचा उजवा हात थरथरतो. दुपारच्या गोळीनंतर जेमतेम अर्धा तास दिलरुब्याचा गज धरता येई. तेही किती दिवस, हे डॉक्टर सांगत नव्हते. "सर, एक भीमपलास ठेवून जाते," त्या म्हणाल्या. "जसा येईल तसा."

त्यांच्या घरी दोन्ही माइक लावले, तपासले, उत्तम होते. बाईंनी गोळी घेतली. मी पाणी प्यायला आत वळलो, तेवढ्यात त्यांचा भाचा मंदार — याला मी आठवीत शिकवले आहे! — डाव्या माइकला तोंड लावून, "फू! फू! हॅलो, चेक!"

"अरे गाढवा!"

"सर, माइक आहे, मेणबत्ती नाही. फुंकरीने काय होतंय?"

रेकॉर्डरवरचा डावा मीटर निपचित पडला. वायर बदलली, जोडणी बदलली... शून्य. गोळीचा वेळ सरत होता.

"भांडण नंतर," बाई म्हणाल्या. "लोक एका कानाने ऐकतील."

डावा ट्रॅक तसाच चालू ठेवून वीस मिनिटे रेकॉर्डिंग केले. रागाने मी त्या डाव्या मीटरकडेच पाहत होतो. तो एकदाही हलला नाही.

डोंबिवलीला घरी येऊन फाइल उघडली. डावीकडे दिलरुबा वाजत होता.

उजवीकडचा आवाज झिरपला असेल, असे आधी मानले. पण उजवीकडे गज कापत होता, सूर मध्येच तुटत होते. डावीकडे तीच आलापी, खुर्चीची तीच करकर... आणि गज स्थिर. शाळेत प्रार्थनेला वाजवत, तेव्हासारखा.

वागळे इस्टेटमधल्या कारागिराने माइक माझ्यासमोर उघडला. पट्टी मधोमध तुटून लोंबत होती. "यातून काही येणं शक्य नाही, सर."

ठाकुर्लीला जाऊन दोघांना सगळे सांगितले, ऐकवले, तर मंदार हसला. "आलंय ना? उगाच शिव्या घातल्यात! आत्या, डावीकडचंच सगळ्यांना पाठवू."

बाईंनी हेडफोन काढून ठेवला. "सर, डावं पुसा."

"आत्या, अगं, किती छान आहे ते!"

"छान आहे. माझं नाही."

मी त्यांच्यासमोर ते पुसले. प्रत ठेवली नाही. बाईंचा थरथरता, खरा भीमपलास आता एकाच कानात उरला आहे, आणि तो ज्याने अर्धा केला तो नातेवाइकांना सांगत फिरतो की सरांचा माइक बिघडलाच नव्हता. तुटलेली पट्टी मी बदललेली नाही. ती दाखवली की तो म्हणतो, "मग आवाज कुठून आला?"

‘पुन्हा करून पाहिले का?’ या तिसऱ्या प्रश्नापुढची जागा कोरीच राहील. बाईंच्या हातात आता गज टिकत नाही.