वार्निश मारलेली अळंबी

ओलावा आणि अंधार यांच्याविषयी त्या घरात दोन मतं होती. मामा रंगारी. भिंतीवर बुरशीचे काळे डाग उठले की लोक त्याला बोलावत आणि तो खरवडायची पत्ती घेऊन त्यांच्यावर जन्माच्या वैऱ्यासारखा तुटून पडे. कॅन्टीनची नोकरी सुटल्यावर मामीने मागच्या खोलीत अळंबी लावायला घेतली, तेव्हा तो दारातूनच म्हणाला, "मी जगाची बुरशी काढतो आणि ही घरात पोसते."

मामी मनावर घेत नसे. भुशाच्या पिशव्यांवर पांढरं जाळं धरलं की ती तान्ह्या पोराला न्याहाळावं तशी बघत बसे. धिंगरी अळंबी ती ताजी विके, सूपला नाहीतर अंड्यात घालायला. शिटाके जातीची अळंबी वाळवताना खालची पापुद्र्यांची बाजू वर करून उन्हात ठेवी; त्याने ड जीवनसत्त्व वाढतं, हे ती पुडी बांधता बांधता गिऱ्हाइकाला सांगे. सगळा बाजार तिला विचारी. नवरा तेवढा विचारत नसे, आणि ते तिला आतून लागे.

मग पिशव्यांतून रेशी ही औषधी अळंबी वर आली. लाकडासारखी टणक, लालसर तपकिरी, चकचकीत. मामा काही तरी शोधायला आत गेला आणि तिथेच थबकला. त्याने तिच्यावरून अंगठा फिरवला, उजेडाकडे धरून पाहिली.

"अगं, याला वार्निश कोणी मारलं?"

तिथून तो फितूर झाला. मामी रेशीचे काप मंद आचेवर उकळून कडू काढा करायची. तो रोज कप पुढे करू लागला. गाढ झोप लागते म्हणाला. जिथे रंग द्यायला जाई तिथे बायकोची अळंबी विकून येऊ लागला. मामी त्या दिवसांत उगाच गुणगुणत असे.

आणि एक दिवस मामाची रेघ वाकडी गेली. भिंत आणि छत जिथे भेटतात तिथली रेघ तो पट्टीशिवाय ओढायचा. त्याबद्दल त्याचं नाव होतं. त्या दिवशी ब्रश थरथरला, शिडीवर डोळ्यांपुढे अंधारी आली. ब्रशच भिकार आहे म्हणत तो घरी आला. मामीने ऐकून घेतलं आणि चप्पल घालून त्याला दवाखान्यात नेलं. रक्तदाब चांगलाच चढलेला होता.

डॉक्टरीणबाईंनी आधीपासून चालू असलेल्या रक्तदाबाच्या गोळ्यांचं विचारलं. काढा सुरू केला तेव्हाच त्या सोडल्या, असं मामाने शहाण्यासारखं सांगितलं. तेलाच्या रंगावर पाण्याचा रंग दिला की पापुद्रे सुटतात. अंगात एका वेळी एकच औषध बरं.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "शंका बरोबर काढलीत. रेशीनेही दाब थोडा उतरू शकतो, रक्त पातळ होऊ शकतं. गोळ्यांबरोबर घ्यायची तर आधी विचारायलाच हवं. पण तुम्ही ठेवायचं ते सोडलंत आणि सोडायचं ते ठेवलंत."

इतक्या वर्षांनी मिळालेलं कौतुक आता तिलाच हातचं घालवायचं होतं. घरी येताच तिने रेशीची बरणी उचलून कपाटात टाकली.

"लोकांना विकतेस आणि मलाच नाही?"

"लोकांना विकते म्हणूनच. तुम्हाला काही झालं तर लोक म्हणतील, बाईच्या अळंबीने गेला. लोकांचं सोडा. मी काय म्हणू?"

मामा फुगून बसला. फुगलेला माणूसही जेवतोच. ताटात परतलेली धिंगरी होती, आणि ती भाजीसारखी कितीही खा, अशी दवाखान्यातून मोकळीक मिळाली होती. पाण्याचा पेला आणि गोळी मामी समोर धरी. तो गिळी, मग तोंड उघडून दाखवी, शाळेत दाखवतात तसं. हळूहळू दाब उतरला. रेघ सरळ झाली.

पुढच्या बाजारात तो तिच्या शेजारी बसला होता. एका गृहस्थांनी रेशी हातात घेतली आणि विचारलं, हिने मधुमेहाच्या गोळ्या सुटतील ना? मामीने तोंड उघडायच्या आत मामा म्हणाला, "मीही सोडल्या होत्या साहेब. शिडीवरून पडता पडता वाचलो. आधी डॉक्टरांना विचारा, मग या."

गृहस्थ रिकाम्या हाताने गेले. मामाचा चेहरा पडला.

"गेलं गिऱ्हाईक."

"जाऊ दे," मामी म्हणाली. "घरचं एक टिकलंय, तेवढं पुष्कळ."

मामा टोपलीतल्या रेशी पुसायला लागला, प्रत्येकीची चकाकती बाजू रस्त्याकडे करून.