अठ्ठेचाळीस किलोंची वेस

साताऱ्याहून सकाळची एसटी पकडली तेव्हा थंडी होती आणि सानिका उपाशी होती. ही माझी मुलगी. मुष्टियुद्ध खेळते, अठ्ठेचाळीस किलोंच्या गटात. नगरजवळच्या भिंगारला राज्याच्या संघाची निवड होती. गटात पहिली येणारी मुलगी राष्ट्रीय स्पर्धेला जाणार होती.

मुलगी ज्या गटात खेळते त्याचा इतिहास आपल्याला ठाऊक असावा, म्हणून मी बरेच वाचून ठेवले होते. पूर्वी हौशी मुष्टियुद्धात सर्वांत हलका गट एक्कावन्न किलोंचा असे. ती मर्यादा मूळची पौंडांतली, एकशे बारा पौंड. त्याहून बारीक माणसांसाठी पुढे अठ्ठेचाळीसचा गट निघाला. ऑलिंपिकमध्ये पुरुषांचा तो गट बरीच वर्षे चालला, मग एकोणपन्नासवर गेला आणि शेवटी बंदच झाला. आकडे असे वाचायला मिळतात. पण त्या आकड्यांत बसलेली माणसे भेटत नाहीत. आमच्या प्रशिक्षकांनी भिंगारच्या सुभेदार शेख यांचे नाव सांगितले. फौजेत असताना ते याच गटात राष्ट्रीय अंतिम लढत खेळले होते. त्यांना भेटायचे मी घरूनच ठरवले होते.

फलटण, बारामती करत दौंडला उतरलो. तिथून दुसरी गाडी. भीमा ओलांडली की नगर जिल्हा लागतो. नाव आता अहिल्यानगर, पण गाडीतला प्रत्येक जण तिकीट ‘नगर’ म्हणूनच मागत होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस आणि पुढे उसाने लादलेले ट्रॅक्टर. गाडी त्यांच्यामागून बैलाच्या चालीने जात होती. मला त्याचे वाईट वाटले नाही. खिडकीतून तोडलेल्या उसाचा ओला, गोडसर वास येत होता.

श्रीगोंद्याला माझी मेव्हणी सुनंदा राहते. उभ्या उभ्या भेटून निघायचे, असा बेत होता. तिने दारातच सानिकाचे मनगट चाचपले.

“दाजी, पोरीला वाळवन घातलंय का काय?”

“मावशी, उद्या सकाळी माझं वजन आहे,” सानिका म्हणाली. “आज मला काही नको.”

“वजन मालाचं करत्यात बाई, लेकराचं न्हाई.”

साडू ओट्यावरून म्हणाले, “कारखान्याच्या काट्यावर उभी कर तिला. काटा हलायचा बी न्हाई!”

घरचा ऊस, आले-लिंबू घालून काढलेला रस. सानिकाने नकाराची मान हलवली. सुनंदाचा चेहरा उतरला. बहिणीची लेक पहिल्यांदा घरी येते आणि कोरड्या तोंडाने उंबरा ओलांडते, हे त्या घरात बसणारे नव्हते. “आगं, रस म्हंजी पानीच की,” ती म्हणाली. मला हिशेब कळत होता. अर्धा लिटर रस पोटात गेला की काट्यावर अर्धा किलो दिसणारच. पण सासुरवाडीच्या माणसांत ‘नको’ म्हणायचे धाडस मला कधी झालेले नाही. सानिकाने पेला घेतला, मग दुसरा. मागून शेंगोळे आले (हुलग्याच्या पिठाची वेटोळी, झणझणीत रश्शात शिजवलेली). तेही तिने खाल्ले. किती दिवसांनी ती पोटभर जेवली, ते मी बघतच राहिलो.

दुपारी भिंगारला पोहोचलो. स्पर्धेच्या हॉलबाहेर सरावाचा काटा ठेवलेला होता. त्याने अठ्ठेचाळीस किलो नऊशे ग्रॅम दाखवले.

नावे कोणत्या गटात, हे संध्याकाळच्या बैठकीत पक्के होणार होते. अधिकृत वजन सकाळी. सानिकाने पिशवीतून घाम काढायचे प्लास्टिकचे जाकीट काढले. “पळते बाबा. उतरेल.”

“आधी सुभेदारांना भेटू,” मी म्हणालो.

सुभेदार शेख जुन्या बाजारात राहतात. बारीक अंगाचा, ताठ माणूस. ते जाकिटाकडे बघत राहिले.

“किती हाय जास्त?”

“नऊशे ग्रॅम, चाचा.”

“मी किलोच्या वर उतरवलं हुतं. फायनलच्या सकाळी. उन्हात पळालो, तेवढंच पानी जावं म्हून फडक्यात थुंकत बसलो. काट्यावर बरोबर भरलो. तिसऱ्या फेरीत पाय न्हवतेच बेटा. समोरच्यानं मला न्हाई मारलं. मी सकाळीच सोताला मारून गेल्तो.”

मी त्यांना गटाचा इतिहास विचारला. ते हसले. “इतिहास ह्योच. मोठ्या लोकांनी आकडा ठरवला, पुन्यांदा बदलला. आमी उपाशी राहून त्यात बसत राह्यलो. गावाची वेस बी सरकती वो, ही का सरकू नये? तुमची पोरगी अजून वाढतीय. पन्नासात घाला तिला.”

“पन्नासात गेल्या वर्षीची विजेती आहे,” सानिका म्हणाली.

“मग बरं हाय की! वळख होईल.”

ती हसली नाही. अठ्ठेचाळीसमध्ये ती पहिली येईल, असे आमच्याकडे सगळेच म्हणत होते. तिने माझ्याकडे पाहिले. “बाबा, तुम्ही सांगा.”

“अंग तुझं आहे,” मी म्हणालो.

ती बराच वेळ जाकिटाची चेन खालीवर करत बसली. मग तिने ते घडी करून पिशवीत तळाशी कोंबले आणि आपल्या प्रशिक्षकांना स्वतःच फोन लावला. त्या संध्याकाळी तिचे नाव पन्नास किलोंच्या गटात गेले.

पहिल्या दोन लढती तिने जिंकल्या. अंतिम लढत गेल्या वर्षीच्या विजेतीशीच होती. पहिली फेरी हातची गेली, दुसरी बरोबरीची. तिसऱ्या फेरीत सानिका पुढे पुढेच जात होती आणि सुभेदार खुर्चीवरून उठून ओरडत होते, “हात वर! हात वर घे गं!” पाच पंचांपैकी तिघांनी विजेतीला कौल दिला. राष्ट्रीय स्पर्धेला ती मुलगी जाणार. सानिका घरी येणार.

रिंगणातून उतरल्यावर ती माझ्या खांद्यावर डोके ठेवून रडली. सुभेदारांनी तिच्या पाठीवर थाप मारली. “शेवटच्या घंटेला उभी हुतीस. मी न्हवतो.” डोळे पुसत ती त्यांच्या पाया पडली. मीही वाकलो. दुसरे काय द्यावे, ते मला सुचले नाही.

परतीची गाडी दौंडच्या अलीकडे एका खानावळीपाशी थांबली. पिठले, ठेचा, तव्यावरून येणारी बाजरीची भाकरी. या प्रवासात मला काय मिळाले, याचा विचार करत होतो. एका गटाचा इतिहास ऐकायला गेलो आणि त्यात राहून आलेल्या माणसाने माझी मुलगी त्यातून बाहेर काढली. त्या माणसाचे उपकार मी फेडू शकत नाही, आणि सुनंदाच्या रसाचेही.

“बाबा, बघू नका ना माझ्या ताटात.”

“नाही बघत.”

तिने हात वर करून आणखी एक भाकरी मागितली. ती कितवी होती, हे मला आज सांगता येणार नाही.