उपरण्याखालचा हात आणि पिसाची माशी

माझा धंदा जनावरांच्या दलालीचा. बारामती आणि इंदापूरच्या बाजारांत बैल, गाई, म्हशी घेऊन देतो, विकून देतो. वडिलांची जमीन नव्हती, शाळा जेमतेम झाली. जे काही उभं केलं ते या उजव्या हातावर. आमच्याकडे भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि दलाल समोरासमोर उभे राहतात, हातावर उपरणं टाकतात आणि त्याखाली एकमेकांची बोटं धरून आकडा ठरवतात. जितकी बोटं धरली तितका आकडा. भोवती गर्दी असली तरी कुणाला काही कळत नाही. हल्ली तरुण पोरं मोबाईलवर आकडा दाखवतात, पण जुनी गिऱ्हाइकं अजून हातच मागतात. उपरण्याखाली दिलेला आकडा फिरवायचा नाही आणि तिथलं बाहेर बोलायचं नाही, एवढंच आमचं कायद्याचं पुस्तक.

त्यातली दुसरी गोष्ट माझ्या धंद्यातल्या जोडीदारानं मोडली. त्याचा राग अजून माझ्या मनात आहे. तो राग गेला असं मी इथे लिहिणार नाही.

मला अर्धांगवायूचा हलका झटका येऊन गेला होता. चालणं, बोलणं लवकर सुधारलं, पण उजव्या हाताची शेवटची दोन बोटं बधिर राहिली. डॉक्टर म्हणाले, रागावू नका आणि बोटांना बारीक काम द्या. पहिलं मला जमण्यासारखं नव्हतं आणि दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं. मी घाई करून बाजारात गेलो. एका शेतकऱ्याची खिलार बैलजोडी विकायची होती. उपरण्याखाली गिऱ्हाइकाची चार बोटं धरायची होती आणि मी चारच धरली असं मला वाटलं. त्याची करंगळी माझ्या बधिर बोटांतून निसटली होती, ते मला कळलंच नाही. त्यानं तीन समजून हात हलवला आणि सौदा पक्का झाला. आकडा फिरत नाही. शेतकऱ्याची तूट मी माझ्या खिशातून भरली आणि गप्प बसलो.

हे फक्त जोडीदाराला ठाऊक होतं आणि तो मात्र गप्प बसला नाही. इतकी वर्षं एका ताटात जेवलेला माणूस चहाच्या टपरीवर उभा राहून म्हणाला, "त्याचा हात मुका झालाय आता. हात देताना जपून द्या." त्यानंतर लोक मला रामराम करत, तब्येत विचारत, पण माझ्यापुढे कुणी उपरणं टाकेना. हात परत बोलका झाला नाही तर माझं दुकान कायमचं बंद, हे मला आणि माझ्या बायकोला दोघांनाही दिसत होतं.

अशात एक दिवस माझा मेव्हणा आला. उजनी धरणाच्या काठावर डाळज गावात त्याची नाव आहे. उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी बघायला येणाऱ्या लोकांना तो फिरवून आणतो. त्यानं खिशातून एक चपटी डबी काढली. आत तीन बारीक गळ, प्रत्येकाला दोरा गुंडाळलेला आणि गळ्याशी पिसाची झालर.

"दाजी, पक्षी बघाय आलेल्या एका परदेशी पाव्हण्यानं दिल्यात. गळाची काठी बी दिलीय. त्यांच्याकडं थंड डोंगरातल्या तळ्यांत ट्राउट नावाचा मासा असतोय. ह्या पिसाच्या माश्या त्याच्यासाठी. पाण्याखाली किडा पोहल्यावानी दिसतंय म्हणं."

"मग हितं काय करू त्यांचं? हळदकुंकू वाहू?"

"आपल्या पाण्यातला चिलापी मासा धरू. पर तीनच हायेत. बाकीच्या तुमी बांधा."

"मी काय शिंपी हाय?"

"शिंपी न्हाय, पर रिकामं हायसा," आतून बायको म्हणाली.

मला राग आला, पण खोटं काही नव्हतं.

मेव्हण्यानं सोनारकामाचा एक छोटा शेगडा, म्हणजे स्क्रूनं आवळायची पकड, आणून पाटाला बसवून दिला. त्यात गळ आवळायचा. शिलाई मशीनचा दोरा बायकोचा. माशीच्या अंगासाठी जुन्या घोंगडीतली लोकर. पिसाचं मात्र अडलं. झालर कोंबड्याच्या ताठ पिसाची केली तर ती पाण्यात कुंच्यासारखी उभी राहते. कोंबडीच्या मानेचं पीस मऊ, ते ओलं झालं की हलतं. आमच्या परड्यात एक ठिपक्यांची कोंबडी होती आणि ती बायकोची लाडकी होती.

"मानेचं एक पीस दे."

"गळालेलं घ्या. जितीचं उपटायचं न्हाय."

"गळालेलं मळकं असतंय. बदल्यात काय पाहिजे ते सांग."

"रोज सकाळी खुराडं तुमी झाडायचं."

आयुष्यात इतका तोट्याचा सौदा मी केला नव्हता. खुराडं झाडायला लागलो आणि पिसं गळालेलीच मिळाली. ती मी धुऊन घेतली.

पहिल्या माश्या बघण्यासारख्या नव्हत्या. पीस बधिर बोटांनी धरून गळाभोवती गुंडाळायचं, दोऱ्यानं आवळायचं आणि गाठ मारायची. पीस कधी सुटायचं, कधी तुटायचं. दोरा किती ताणला ते कळायचं नाही, तो तटकन जायचा. मी शेगड्यासकट पाट ढकलून द्यायचो. थोड्या वेळानं बायको तो उचलून पुन्हा माझ्यापुढे ठेवायची. एक शब्द नाही. तिच्या त्या न बोलण्याचे उपकार मी कधी तिला बोलून दाखवले नाहीत, म्हणून इथे लिहितो.

मेव्हणा मला सवड मिळेल तसा पाण्यावर न्यायचा. पाव्हण्यानं शिकवलं तसं तो मला शिकवायचा. दोरी लांब टाकायची, माशी बुडू द्यायची, मग दोरी बोटांत घडी घालत अगदी सावकाश ओढायची. वर काही दिसत नाही. मासा माशी तोंडात धरतो ते फक्त दोरी धरलेल्या बोटांना कळतं.

"दाजी, गेला."

"कोण?"

"मासा. धरून थुकला बी. दोरी सरळ झालेली मला दिसली. तुमाला काय कळलं न्हाय?"

मी काठी नावेत आपटली.

"आपटा," तो म्हणाला. "काठी पाव्हण्याची हाय. राग तेवढा तुमचा."

असा हिवाळा गेला. दोरी तो बघायचा, "गेला" म्हणायचा आणि मी शिव्या द्यायचो. घरी माश्या बांधणं मात्र सोडलं नाही. हळूहळू पिसाला दोन वेढे पुरतात हे कळलं. जास्त झाले की माशी फुगते, कमी झाले की मेल्यासारखी दिसते. एक दिवस दोरा तुटायच्या आधी मी थांबलो. का थांबलो ते नंतर लक्षात आलं. ताण बोटाला कळला होता.

पुढे एका सकाळी पाणी गुळगुळीत होतं. मेव्हणा विडी पेटवत होता, दोरीकडे त्याचं लक्ष नव्हतं. मी दोरी घडी घालत ओढत होतो आणि कुणीतरी माझी करंगळी धरली. ओढली नाही, नुसती धरली, जसं गिऱ्हाईक उपरण्याखाली धरतं आणि तुम्ही काय म्हणता त्याची वाट बघतं. मी हात उचलला. काठी वाकली. वर आली ती चिलापी तळहाताएवढी होती. पाण्यात राहून राहून मेव्हण्याला माशांचं कौतुक उरलेलं नाही, पण त्यानं विडी पाण्यात टाकली.

"दाजी, म्या तर बघितलंच न्हाय."

"म्हणून तर," मी म्हणालो.

घरी येऊन बायकोला समोर बसवलं आणि हातांवर उपरणं टाकलं. तिनं कधी बाजार पाहिलेला नाही. ती बोटं धरायची आणि मी आकडा सांगायचा. ती मुद्दाम करंगळीला नुसता स्पर्श करून सोडायची. एकदाही चुकलो नाही.

"आता खुराडं कोण झाडणार?" तिनं विचारलं.

बारामतीच्या बाजारात गेलो तेव्हा एका जुन्या गिऱ्हाइकाला मीच म्हणालो, हात देऊन बघा, चुकलो तर पुन्हा मागणार नाही. त्यानं जरा विचार केला आणि उपरणं टाकलं. म्हशीचा सौदा होता. सगळी बोटं मला नीट ऐकू येत होती. आमचं जमलं. हात बाहेर काढला तेव्हा जोडीदार शेजारी येऊन उभा होता.

"कितीला दिली?" त्यानं विचारलं.

"उपरण्याखालचं मी बाहेर सांगत न्हाय."

त्याच्यासाठी याहून जास्त माझ्यापाशी नव्हतं. वाटेत डाळजला थांबलो आणि मेव्हण्याला माझ्या हातानं बांधलेल्या माश्यांची डबी दिली. पुढच्या खेपेला तो पाव्हणा आला की त्याला द्यायची, म्हणालो, आणि बदल्यात काही घ्यायचं नाही. मेव्हणा म्हणाला, "दाजी, तुमी बरं हायसा ना?"

खुराडं अजून मीच झाडतो.